वैर नाही, पण तारीख चुकवायची नाही

'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाची प्रस्तावना आमच्या विहारात कुणी वाचत नाही. वर्षावासातलं, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांतलं, वाचन सुरू होतं ते थेट शाक्यांच्या, म्हणजे सिद्धार्थाच्या, कुळापासून. प्रस्तावनेची पानं वाचक अंगठ्याने उलटून टाकतो आणि ऐकणाऱ्यांनाही काही राहिल्यासारखं वाटत नाही. त्या थोड्या पानांत बाबासाहेबांनी चार प्रश्न मांडून ठेवलेत. सिद्धार्थाने घर का सोडलं, चार आर्यसत्यं मूळ शिकवणीतली आहेत का, आत्मा नाकारल्यावर कर्म आणि पुनर्जन्म कसे उरतात, आणि शेवटचा, भिक्खू कशासाठी? बुद्धाला भिक्खूच्या रूपात परिपूर्ण माणूस घडवायचा होता की समाजसेवक? नुसताच परिपूर्ण असेल तर धम्मप्रसाराला त्याचा उपयोग नाही, कारण परिपूर्ण असूनही तो स्वार्थीच. समाजसेवक असेल तर मात्र धम्माला त्याच्याकडून आशा आहे, असा त्यांचा रोख. ग्रंथ छापून आला १९५७ मध्ये, म्हणजे त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर. उलटतपासणी करून वकील निघून गेला आणि साक्षीदार अजून पिंजऱ्यातच उभा आहे, तशी आपली गत.

परिपूर्ण, तरीही स्वार्थी. साधना करणाऱ्याबद्दल इतकं कडक मी दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही.

बाहेरच्या देशांत बौद्ध साधना आणि सामाजिक न्याय यांची सांगड कशी घालायची यावर बरंच बोललं जातं. व्हिएतनामच्या युद्धात भिक्खू मठातून बाहेर पडले, त्या काळापासून ही चर्चा वाढली. तिथला प्रवास आसनावरून रस्त्याकडे. आपल्याकडे क्रम उलटा आहे, आणि हे आपण स्वतःच विसरतो. १९२७ साली महाडचं चवदार तळं, १९३० साली नाशिकचा काळाराम, १९३५ साली येवल्याची धर्मांतराची घोषणा, आणि मग १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरची धम्मदीक्षा. आपली माणसं मोर्चातून विहारात आलेली आहेत. २०११ च्या जनगणनेत देशात साधारण ८४ लाख बौद्ध होते, त्यातले ६५ लाख एकट्या महाराष्ट्रात. यांतल्या बहुतेकांच्या आजोबा-पणजोबांनी ध्यान हा शब्दसुद्धा दीक्षेआधी ऐकला नसेल. बहिष्कार मात्र सगळ्यांना ठाऊक होता.

दीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा म्हणताना माझं लक्ष नेहमी मधल्या चौघींवर जातं. दहावीत समता प्रस्थापित करण्याचा प्रयत्न करीन, अकरावीत अष्टांग मार्गाचा अवलंब करीन, बाराव्या प्रतिज्ञेत दहा पारमिता, म्हणजे दहा सद्गुण, पाळीन, तेराव्यात प्राणिमात्रावर दया करीन. चारही एका श्वासात म्हटल्या जातात, आणि एकीनंतर दुसरी म्हणताना कुणी थांबून विचारत नाही की बाबा, आता विषय बदलला का. लग्नात, नामकरणात, जलदानविधीला, कुठेही. म्हणणाऱ्याच्या तोंडात समता आणि पारमिता शेजारी-शेजारी बसलेल्या असतात.

तरीही भांडण आहेच.

मुकुंदवाडीकडच्या आमच्या विहारात (गाव आमचं औरंगाबाद, कागदोपत्री आता छत्रपती संभाजीनगर) दर आषाढी पौर्णिमेच्या आधी बैठक होते. वाचनाआधी पंधरा मिनिटं आनापान, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवायचं ध्यान, करायचं की नाही, हा त्यातला कायमचा विषय. दलित पँथरच्या दिवसांत तरुण असलेले एक काका आहेत. ते म्हणतात, "डोळे उघडायला आपल्याला दोन हजार वर्षं लागली आणि आता तुम्ही मिटायला सांगता?" टाळ्या पडतात. मग निवृत्त हेडमास्तर उठतात. त्यांचा रक्तदाब विपश्यनेने खाली आलाय आणि ते तो आकडा सांगितल्याशिवाय बसत नाहीत. हसू येतं, पण दोघांच्याही मागे खरा विचार आहे.

विपश्यना महाराष्ट्रात रुजली ती सत्यनारायण गोयंकांमुळे. ब्रह्मदेशात वाढलेला हा मारवाडी व्यापारी १९६९ मध्ये भारतात आला, मुंबईत पहिलं शिबिर घेतलं, आणि १९७६ मध्ये इगतपुरीला धम्मगिरी सुरू झालं. त्यांचे गुरू सयाजी ऊ बा खिन हे ब्रह्मदेशाचे महालेखापाल. हिशेबाच्या खात्यातला माणूस ध्यानाचा आचार्य होतो याचं मला, बँकेत हयात काढलेल्या बाईला, फार अप्रूप आहे. बाबासाहेबांचाही ब्रह्मदेशाशी जवळचा संबंध. १९५४ मध्ये ते रंगूनला जाऊन आले, आणि तिथून आलेली बुद्धमूर्ती त्याच वर्षी २५ डिसेंबरला देहूरोडच्या विहारात बसवली. एकाच देशातून दोन वाटांनी बुद्ध आपल्याकडे आला. एक वाट देहूरोडच्या वस्तीत उतरली, दुसरी इगतपुरीच्या डोंगराखाली.

मी स्वतः दहा दिवसांचं शिबिर केलंय. कुठल्या केंद्रात ते सांगत नाही, कारण पुढचं जे आहे त्यात केंद्राचा काही दोष नाही. पहाटेची घंटा, गुडघ्यांची आग, दुपारची ती न संपणारी बैठक, हे सगळं लोकांनी लिहून झालंय. मला लक्षात राहिलं ते मौन. जेवणाच्या रांगेत माझ्यापुढे-मागे कोण आहे हे मला माहीत नव्हतं, त्यांनाही मी माहीत नव्हते. ताट धुण्याच्या नळावर कुणी कुणाला आडनाव विचारत नव्हतं, विचारूच शकत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी इतके दिवस सलग आडनावाशिवाय जगले. मन हलकं झालं त्यात श्वासाचा वाटा किती आणि याचा किती, हे मला आजही सांगता येणार नाही. दहाव्या दिवशी मौन सुटलं. बायका एकमेकींना मिठ्या मारत होत्या, कुणी रडत होतं. शेजारच्या आसनावरची बाई मोठ्या प्रेमाने माझा हात हातात घेऊन म्हणाली, "किती छान बसायच्या हो तुम्ही! तुम्ही कुठल्या? आडनाव काय तुमचं?" मी सांगितलं. तिने हात सोडला नाही, पण "अच्छा, अच्छा" म्हणाली. हे 'अच्छा' ज्यांनी ऐकलंय त्यांना पुढचं सांगायला नको.

त्या बाईने दहा दिवस सगळ्या प्राण्यांसाठी मंगल मैत्री मनोभावे केली असणार. माझ्यापेक्षा चांगली. तिच्या साधनेत खोट होती असं मला म्हणायचं नाही. तिच्या साधनेत हा प्रश्न आलाच नव्हता, एवढंच.

कारण तिथे दुःखाचा शोध त्वचेच्या आत घेतला जातो. संवेदना उठते, आपण तिच्यावर प्रतिक्रिया करतो, संस्कार साठत जातात. हे निरीक्षण बारीक आहे आणि त्याचा उपयोग मी रोज करते, विशेषतः साहेबांसमोर. पण ग्रंथातला बुद्ध जे दुःख पाहतो त्याचा मोठा भाग दोन माणसांच्या मधल्या जागेत आहे. मागच्या जन्मीच्या कर्माच्या सिद्धान्ताला बाबासाहेब इतके का भिडतात ते इथे कळतं. गरिबाची आजची अवस्था त्याच्याच मागच्या पापाचं फळ असं एकदा मानलं, की राज्य सुटलं आणि समाजही सुटला, कुणावर जबाबदारीच उरत नाही. महाकारुणिकाची शिकवण अशी असूच शकत नाही, असं ते ठामपणे लिहितात. काकांचा राग या ठिकाणचा आहे. डोळे मिटायला त्यांची हरकत नाही. मिटलेल्या डोळ्यांनी माणूस सगळा हिशेब स्वतःच्याच खात्यात लिहील, ही त्यांची भीती.

आणि तरीही मी आनापानाच्या बाजूने हात वर करते. का, ते सांगायला जरा वळसा घ्यावा लागेल.

वर्षावास म्हणजे आषाढी पौर्णिमा ते अश्विन पौर्णिमा. भिक्खूंनी पावसाळ्यात फिरू नये म्हणून सुरू झालेली प्रथा. आपल्या वस्त्यांत भिक्खू कमी, त्यामुळे ती उपासिकांनी ताब्यात घेतली. संध्याकाळी कामं आटोपून पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका येतात, सतरंज्या पसरतात, मेणबत्ती-अगरबत्ती, त्रिसरण, पंचशील, आणि मग वाचन. कमिटी पुरुषांची, विहार बायकांचा, ही विभागणी कुठेही जा सारखीच. पावतीपुस्तक कमिटीकडे आणि केरसुणी बायकांकडे, हेही सारखंच. त्यावर कुणी मोर्चा काढत नाही, ही वेगळी गोष्ट.

वाचनात पहिल्या काही दिवसांतच रोहिणी नदी येते. शाक्य आणि कोलिय, दोघांची शेती त्याच पाण्यावर, आणि पाणी आधी कुणी घ्यायचं यावरून मारामारी. शाक्यसंघ युद्धाचा ठराव आणतो. सिद्धार्थ विरोध करतो, लवाद नेमा म्हणतो. मतदान होतं आणि तो हरतो. युद्धात सामील व्हायला नकार दिल्यावर सेनापती त्याला बजावतो की तुझ्या कुटुंबावर बहिष्कार टाकू, जमिनी जप्त करू. घरच्यांवर शिक्षा नको म्हणून तो स्वतःच परिव्राजक होऊन देश सोडायचं ठरवतो. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून विरक्त झालेला राजपुत्र इथे नाही. इथे आहे सभेत हरलेला एक सभासद.

दरवर्षी या प्रकरणाला कुजबुज वाढते. आमच्या एक मावशी आहेत, जिंतूरकडच्या. अक्षरओळख विहारातच झाली. त्या एकदा मध्येच म्हणाल्या, "म्हणजे तवाबी पाण्यावरूनच?" कुणीतरी महाड म्हणालं, कुणी आपल्या गावच्या विहिरीचं काढलं. पण मावशींचं लक्ष वेगळ्याच गोष्टीवर होतं. "बहिष्कार म्हंजे काय ते याला बरूबर कळलं होतं. एकट्याला मारत न्हाईत, घराला मारतात." त्यांच्या माहेरी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या काळात किराणा बंद झाला होता, दळण बंद झालं होतं. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला तो २०१६ मध्ये. त्या संध्याकाळी ग्रंथ बाजूला राहिला आणि हेडमास्तरांनी तो कायदा समजावून सांगितला, तक्रार कुठे द्यायची, कुणाच्या नावाने लिहायची. वाचन दोन पानंच पुढे गेलं. माझ्या मते साधना झाली ती त्या दिवशी.

सगळ्यात अवघड संध्याकाळ मात्र खैरलांजीनंतरची. भंडारा जिल्ह्यातलं हे गाव २९ सप्टेंबर २००६ पर्यंत कुणाला माहीत नव्हतं. त्या दिवशी सुरेखा भोतमांगे, मुलगी प्रियंका, मुलगे रोशन आणि सुधीर यांना गावाने मारलं. धम्मदीक्षेला पन्नास वर्षं होत होती. त्याच दिवसांत नागपूरला लाखो लोक सुवर्णमहोत्सवासाठी निघाले होते, दीक्षाभूमीवर जयघोष चालू होता, आणि फार दूर नसलेल्या या गावात एका बौद्ध घराचं काय झालं हे त्यातल्या बहुतेकांना माहीतही नव्हतं. बातमी पसरायला आठवडे लागले. मोर्चे निघाले ते नोव्हेंबरात.

आमच्या विहारात तेव्हा एक भंतेजी आले होते. वंदनेनंतर त्यांनी मैत्री भावना घेतली. सब्बे सत्ता सुखी होन्तु. सगळे प्राणी सुखी होवोत. एक बाई उभी राहिली. तरुण होती, कडेवर पोरगी. म्हणाली, "भंतेजी, सगळे म्हणजे तेपण?" भंतेजी थोडं थांबले आणि धम्मपदातली गाथा म्हणाले, न हि वेरेन वेरानि. वैराने वैर शमत नाही. विहार गप्प. तेवढ्यात मावशी बोलल्या, बसूनच. "वैर नको, पटलं. पण केस तर चालू ठिवायची ना?"

भंतेजींनी मग सिंह सेनापतीची गोष्ट काढली. ती ग्रंथातही आहे. वैशालीचा हा सेनापती बुद्धाला विचारतो, अपराध्याला शिक्षाच करू नये असं तुम्ही शिकवता का? बुद्ध म्हणतो, शिक्षेला पात्र असेल त्याला शिक्षा झालीच पाहिजे. ती त्याच्या स्वतःच्या कृत्याची शिक्षा आहे, आणि ती देणाऱ्याने मनात द्वेष ठेवू नये. अहिंसेचा अर्थ दुष्टापुढे मान तुकवणं असा बाबासाहेबांनी कुठेच लावू दिलेला नाही. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत ते फरक करतात आणि निवड माणसाच्या प्रज्ञेवर सोडतात. त्या बाईचं समाधान झालं का, मला माहीत नाही. ती खाली बसली एवढं खरं. मैत्री भावनेच्या शेवटी तिचे ओठ हलत नव्हते, आणि ते मला चुकीचं वाटलं नाही.

मला त्या संध्याकाळपासून हे डाचत आलंय की क्षमा आधी कुणाकडून मागितली जाते. मैत्रीचा उपदेश नेहमी मार खाल्लेल्याच्या घरी का येतो? मारणाऱ्याच्या गल्लीत जाऊन कुणी सब्बे सत्ता म्हणत नाही. पण त्याच वेळी हेही दिसतं की नुसत्या रागावर माणूस किती चालतो. खैरलांजीच्या खटल्यात २००८ मध्ये सहा जणांना फाशी सुनावली गेली, २०१० मध्ये उच्च न्यायालयाने ती २५ वर्षांच्या कैदेवर आणली. अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागलाच नाही. सुरेखाचे पती भैयालाल भोतमांगे २०१७ मध्ये गेले तेव्हा मोर्चातली किती माणसं त्यांच्या संपर्कात होती, हा प्रश्न आपण एकमेकांना विचारत नाही. नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला २७ जुलै १९७८ ला, विद्यापीठाला नाव मिळालं १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या काळात घरं जळली, माणसं गेली. साडेपंधरा वर्षं एखादी मागणी धरून ठेवायची तर रागाच्या खाली आणखी काही लागतं. राग मोर्चापर्यंत नेतो. तारखांना, जिथे साक्षीदार फिरतात, वकील बदलतो आणि वर्तमानपत्रांनी विषय सोडलेला असतो, तिथे दरवेळी जाऊन बसायला वेगळं बळ लागतं.

ते बळ मला दिसलंय ते रोज संध्याकाळी येऊन सतरंजी टाकणाऱ्या बायकांत. पाऊस असो, लाईट जावो, कुणी वाचायला येवो न येवो, त्या येतात. आमच्या वस्तीतल्या एका अ‍ॅट्रॉसिटीच्या केसला कोर्टात जी बाई एकटी जायची, तिच्याबरोबर आळीपाळीने याच जात राहिल्या. कुणी ठराव केला नव्हता. पौर्णिमेला जशी पाळी लागते तशी तारखेला लागली. कोर्टाच्या व्हरांड्यात बसून एकदा त्यांनी आनापानही केलं, शिपायाने हटकलं तर म्हणाल्या, "श्वास घेतोय, साहेब." म्हणून माझा हात वर जातो. पंधरा मिनिटं गप्प बसायची सवय ज्यांना आहे त्यांना चार तास व्हरांड्यात बसता येतं.

बाबासाहेबांनी नागपूरच्या भाषणात उत्पन्नाचा विसावा भाग धम्मकार्याला द्या असं सांगितलं होतं. हल्ली तो भाग बहुतेक ग्रॅनाइटला जातो. विहारं भव्य होताहेत, मूर्ती उंच होताहेत, उद्घाटनाच्या पाट्यांवर आमदारांची नावं बुद्धाच्या नावापेक्षा ठळक. विहाराच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका करायची म्हटलं की खांब पेलणार नाहीत असं कळतं. औरंगाबादेत १९५० साली त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने कॉलेज काढलं, पुढे त्याला मिलिंदाचं नाव मिळालं, परिसर नागसेनवन झाला. प्रश्न विचारणाऱ्या राजाचं नाव कॉलेजला आणि उत्तरं देणाऱ्या भिक्खूचं नाव झाडांना. त्यांच्या पहिल्या विहारांत बेंच होते आणि हजेरी घेतली जायची, असं मी म्हणते तेव्हा कमिटीला ते फारसं आवडत नाही.

गेल्या वर्षी वादाला नवा विषय मिळाला, बोधगया. १९४९ च्या कायद्यानुसार महाबोधी महाविहाराचं व्यवस्थापन एका समितीकडे आहे, तिच्यात चार बौद्ध, चार हिंदू आणि अध्यक्ष गयेचे जिल्हाधिकारी. हा लढा अनागारिक धम्मपालांनी १८९१ पासून चालवला, १९९० च्या दशकात नागपूरच्या भदंत सुरई ससाईंनी पुन्हा पेटवला, आणि १२ फेब्रुवारी २०२५ पासून भिक्खू तिथे उपोषणाला बसले. महाराष्ट्रातून गाड्या भरून लोक गेले. सकाळी वंदना, दिवसभर धरणं, संध्याकाळी पुन्हा वंदना.

मला यात शंका होती आणि थोडी अजून आहे. काळारामाचा सत्याग्रह बाबासाहेबांनी सोडून दिला. देवळाच्या दाराशी शक्ती घालवू नका, शिक्षण आणि राजकारण धरा म्हणाले. मग आपण एका विहाराच्या समितीसाठी एवढी ताकद लावायची? आमच्याच वस्तीतल्या पोरांची स्कॉलरशिप दोन-दोन वर्षं अडकते, वसतिगृहात जागा मिळत नाही. मी हे बैठकीत बोलून दाखवलं. काका म्हणाले, "काळाराम त्यांचं घर होतं. हे आपलं आहे. दुसऱ्याच्या घरात जागा मागणं वेगळं आणि आपल्या घराची किल्ली मागणं वेगळं." मुद्दा बरोबर आहे, मी मान्यही केलं. पण किल्लीच्या मागे लागून पोरांची फी राहून गेली तर? यावर हेडमास्तर काही म्हणाले, काका काही म्हणाले, आवाज चढले.

मावशींची बोधगयेला जायची पिशवी तयार होती. मनमाडला गाडी बदलायची, बरोबर आणखी चौघी. त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "स्कॉलरशिपचा मोर्चा कवा हाय, सोमवारी का?"

"सोमवारी. कलेक्टर ऑफिसवर, अकरा वाजता."

"मग मी रविवारी माघारी येते. माझं नाव दोन्हीकडं लिही."